बोट ठेवलेलं पान

"डोळे मिट. बोट ठेव. आणि जे येईल ते मोठ्यानं वाच."

मामांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, हा आवाज मला अजून ऐकू येतो. आवाज ते कधी चढवत नसत. त्यांचा हात चढायचा.

त्या सकाळी ओट्यावर पाच-सहा माणसं उभी होती. कुणाकडे काठी, कुणाकडे कुऱ्हाडीचा नुसता दांडा. मी दिलेला चहा कुणी घेतला नव्हता, कपांवर साय धरली होती. माझे यजमान सुमंत खांबाला टेकून खाली बघत होते. पाटावर शास्त्र, म्हणजे आमचं बायबल, ठेवलेलं होतं, काळ्या कातडी पुठ्ठ्याचं, मामांच्या वडिलांना मिशनच्या साहेबानं दिलेलं. मी पाटासमोर बसले.

आम्ही त्रिभुवन, गोदावरीकाठच्या सावरखेड्याचे जुने ख्रिस्ती. मामा देवळाच्या मंडळीचे मुख्य पंच. घरात कुठलंही मोठं काम बोट ठेवल्याशिवाय होत नसे. विहीर खणायची असो, मुलगी द्यायची असो, घरातल्या बाईनं उपाशीपोटी डोळे मिटून शास्त्र उघडायचं, पानावर बोट टेकायचं, आणि बोटाखाली जे येईल तो देवाचा हुकूम. पूर्वी हे सासूबाई करत. त्यांनी फार वर्षांपूर्वी सोडलं. नजर अधू झाली, म्हणायच्या. पण तांदळातला खडा त्यांना दिव्याशिवाय दिसायचा. मग मामांची बहीण करायची, आणि ती गेल्यावर ते माझ्याकडे आलं. माझा लहानपणापासूनचा नेम होता, रोज एक अध्याय वाचल्याशिवाय पाणीसुद्धा तोंडात घ्यायचं नाही, आणि शुक्रवारी उपास. मामांना त्याचं कौतुक होतं. "सूनबाईचं बोट शुद्ध आहे," असं ते चारचौघांत सांगत.

"देवा," मामांनी वर न बघता विचारलं, "आज पाळकाला देवळातून बाहेर काढायचा का, ते सांग."

पाळक, देवळातला उपदेशक, म्हणजे शांतवन. माझा पाठचा भाऊ. मी त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

तो आमच्या देवळात पाळक होऊन आला तेव्हा मामांनीच त्याला हार घातला होता. बिघडलं ते पावसाळ्यानंतर. एका रविवारी शौल राजाचा पाठ होता. संदेष्टा देवाच्या नावानं राजाला सांगतो, शत्रूच्या लोकांना मार, बाया मार, तान्ही लेकरंही ठेवू नकोस. शांतवननं वाचून पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "हे देव बोलला नाही. माणसांनी मारलं आणि देवाच्या नावावर टाकलं. शास्त्रात हे आहे, कारण आपण कसे आहोत तेही शास्त्रात लिहून ठेवलंय." आणि पुढच्या महिन्यात, प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या रक्ताची आठवण म्हणून प्यायचा, पेला हातात धरून, तो याहून वाईट बोलला. "बापाला क्षमा करायला मुलाचं रक्त लागलं नाही. रक्त आपल्याला लागत होतं."

मामा पेला न घेता उठून गेले. मी घरी येऊन कणीक मळता मळता रडले. माझा भाऊ वाया गेला असं वाटलं. आणि तीच कणीक मळताना हेही वाटलं, की हे मला लहानपणापासून आतून ठाऊक होतं, फक्त कुणी मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"डोळे मिट," मामा पुन्हा म्हणाले.

मी मिटले. पण मी रोज वाचणारी होते. त्या पुस्तकाची जाडी माझ्या अंगठ्याला पाठ होती. स्तोत्रं कुठं संपतात, संदेष्टे कुठं सुरू होतात, सगळं मला अंधारात कळायचं. त्या दिवशी पहिल्यांदाच मी हुकूम मागितला नाही, हुकूम निवडायला गेले. अंगठा मागच्या बाजूला सरकवला, शुभवर्तमानांपर्यंत. येशूची पानं. तिथं काहीही आलं तरी मऊच येईल. क्षमेचं येईल, लेकरांना जवळ येऊ द्या असं काही येईल. पान उघडलं, बोट टेकलं, डोळे उघडले.

"वाच."

येशूच बोलत होता. मी शांतता आणायला आलो नाही, तलवार आणायला आलोय, असं सांगत होता. माणसाच्या घरचीच माणसं त्याची वैरी होतील, असं सांगत होता. मी ते वाचलं.

मामांनी चष्मा लावला, वाकून माझ्या बोटाखालची ओळ पाहिली, दोनदा पाहिली. "खुद्द येशूच्या तोंडचं आहे," ते म्हणाले. चष्मा काढून खिशात ठेवला. "उठा रे."

"मामा, शांतवन आहे तो," मी त्यांचा पाय धरला. "चुकला असेल, पण लहान आहे हो."

"इसहाकही लहान होता, सूनबाई."

बापानं बळी द्यायला डोंगरावर नेलेला शास्त्रातला इसहाक मला माहीत होता, पण मामांना काय म्हणायचंय ते तेव्हा कळलं नाही. त्यांनी पाय सोडवून घेतला. ह्यांच्याकडे, सुमंतांकडे, मी पाहिलं. ते माझ्याकडे न बघता खाली उतरले.

माणसं वेशीकडून वळली तशा सासूबाई चुलीपासून उठल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. त्यांनी माझा दंड धरला. "रडतेस काय, मागच्या वाटेनं जा. तुरीतून. पळ!"

*

नाताळ जवळ आला होता आणि शांतवन देवळाला चुना देत होता. दारात पिंप होतं. त्यात नुकतीच चुनकळी टाकली होती, पिंप खदखदत होतं, वाफ निघत होती. आत तो शिडीवर होता, डोक्याला फडकं बांधलेलं, तोंडावर पांढरे शिंतोडे. खाली फिलिप नावाचा मंडळीतला तरणा गडी डबा भरून वर देत होता.

"आक्का! भिंतीला टेकू नको, लुगड्यावर नाताळ उमटेल."

"खाली उतर. मामा येतायत. काठ्या घेऊन."

त्यानं कुंचला डब्यात बुडवला. "कोण कोण?"

"कोण कोण काय विचारतोस! नदीकडून जा. नाव काठाला आहे. आईकडे जा."

"आणि भिंत? अर्धी पांढरी, अर्धी काळी. लोक म्हणतील पाळक उपदेशही असाच करतो."

"शांतवन, मी तुझ्या पाया पडते."

तो उतरला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "पळालो तर त्यांचंच खरं ठरेल गं," तो हळू म्हणाला. "म्हणतील, बोलला आणि पळाला. फिलिप, तू जा."

"मी नाही जात," फिलिप म्हणाला.

मामा आत आले ते वहाणा घालूनच. देवळात वहाणा घालून आलेले ते मला कधी आठवत नाहीत. ओल्या फरशीवर त्यांचे पांढरे ठसे उमटत गेले, थेट वेदीपर्यंत.

"इथं उभा राहा. म्हण, मी खोटं बोललो. म्हण, देवानं रक्त मागितलं."

"मामा, बसा ना. बसून बोलू."

"म्हण."

"नाही मागितलं, मामा. कुणाचंच नाही. कधीच नाही."

'कधीच नाही' म्हटल्यावर मामांचा चेहरा असा झाला, जणू काठी त्यांच्याच अंगावर पडलीय. मग त्यांनी मारलं. पहिला वार खांद्यावर, दुसरा बरगडीवर. फिलिप मधे धावला, तर कुणीतरी कुऱ्हाडीचा दांडा त्याच्या कानशिलात घातला. कान फाटला. नुकत्याच दिलेल्या चुन्यावर रक्ताची चिळकांडी उडाली आणि ओल्या भिंतीवरून खाली ओघळायला लागली. बाकं उलथली. पेटीवर कुणी पडलं, तिच्या आतून एक लांब सूर निघाला आणि बंद झाला. मी एकाच्या हाताला चावले. त्यानं मला झटकलं तेव्हा माझं डोकं वेदीच्या कोपऱ्यावर आपटलं.

उठले तेव्हा ह्यांनी शांतवनला मागून कव घातली होती. त्याला बाहेर ओढून वाचवायचं होतं, असं ते पुढं सांगत, आणि मी ते मानते. पण त्या घडीला त्याचे दोन्ही हात बांधले गेले. मामांची काठी मोडली होती. त्यांनी तुकडा फेकला, दाराशी गेले आणि पिंपातून डबा भरून आणला. डब्यातून वाफ येत होती.

"म्हण, मागितलं!"

"बाबा, नका..." हे ओरडले, पण हात सुटले नाहीत.

"नाही," शांतवन म्हणाला.

मामांनी डबा त्याच्या तोंडावर रिकामा केला.

तो आधी ओरडला नाही. आधी चुन्याचाच आवाज आला. मग तो ओरडला, आणि मी तो आवाज आजही कुणाला सांगू शकत नाही. ह्यांच्याही हातावर चुना पडला होता, ते मागं कोलमडले. शांतवन फरशीवर पडून डोळे बोटांनी ओरबाडायला लागला. "तेल आणा! पाणी लावू नका, पाण्यानं भडकतो!" कुणीतरी ओरडत होतं. मी ऐकलं नाही. चुन्यासाठी भरलेल्या पाण्याच्या घागरी होत्या. मी त्याच्या छातीवर बसले, त्याचे हात गुडघ्यांखाली दाबले, पापण्या ओढून उघडल्या आणि ओतत राहिले. त्याच्या पापणीची कातडी माझ्या बोटाला चिकटून आली. मी ओतत राहिले.

बाकीचे पळाले होते. मामा वेदीपाशी तसेच उभे होते, रिकामा डबा धरून. ते आमच्याकडे बघतच नव्हते. ते वर, खिडकीकडे, कुणाची तरी वाट बघत होते.

"माझा हात का नाही धरला?" ते म्हणाले. "हात धरायचा असतो ना?"

मला वाटलं, ते ह्यांना विचारतायत.

*

दुधाच्या गाडीत घालून आम्ही त्याला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मामांना पोलिसांनी देवळातूनच उचललं. ते तिथंच बसून होते.

दोन दिवसांनी मी कपडे न्यायला घरी आले. आत्याबाई मागच्या दारी बसल्या होत्या. पुढ्यात सुपात तांदूळ होते, पण हात चालत नव्हता.

"दिसंल का त्याला?" त्यांनी विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, नाही."

त्यांनी सूप मांडीवर ओढलं. मग म्हणाल्या, "सुमंतच्या आधी मला एक होता. आमोस. तुला कुणी सांगितलं नसंल."

नव्हतं सांगितलं.

"सात वर्षांचा. घटसर्प झाला. गळा असा सुजला, श्वास शिट्टीवाणी यायचा. गाडी जुंपलेली होती गं. बैल दारात उभे. तालुक्याला न्यायचं. ह्यांनी, तुझ्या सासऱ्यांनी, म्हटलं, आधी देवाला विचारू. मी डोळे मिटले, बोट ठेवलं." त्यांनी स्वतःचं बोट वर धरून पाहिलं, दुसऱ्याचंच असल्यासारखं. "अब्राहामाचं आलं. डोंगर. लाकडावर बांधलेलं पोरगं. देव म्हणतो, मला दे."

"मग?"

"ह्यांनी बैल सोडले. म्हणाले, देव परीक्षा घेतोय. सुरी उचलायची, अब्राहामाचा धरला तसा तो हात धरील. पोराच्या जागी बळीला एडका पाठवील. आम्ही वाट बघत बसलो. उजाडेपर्यंत बसलो." सुपातले तांदूळ त्यांनी उगाच एकदा पाखडले. "एडका नाही आला, नवू."

माझं नाव नवोमी. मला नवू म्हणणाऱ्या त्या घरात त्या एकट्याच.

"तेव्हापासून मला दिसत नाही, असं मी सांगते," त्या म्हणाल्या.

*

शांतवनच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. ओठ सुजून काळे पडले होते. मी खाटेशी बसले तशी त्यानं मान वळवली.

"आक्का, रडतेस का?"

"नाही."

"नाकातून बोलतेस."

मी त्याला पाणी पाजलं. मग सांगून टाकलं, की शुभवर्तमान मी मुद्दाम उघडलं होतं. तुझ्यासाठी काही मऊ निघावं म्हणून.

त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं हुंदका आला. हसत होता. "आणि तलवार निघाली?"

"हसू नकोस मेल्या, पट्ट्या सुटतील."

"अगं, मग तू आणि मी एकच की. मीही मऊ पानं शोधूनच उपदेश करत होतो."

"म्हणजे ते लेकरं मारायचं, ते देवाचं आहे?"

"नाही. त्यातला एक शब्द मी मागं घेणार नाही." तो दम खाऊन म्हणाला, "पण एका ओळीवर बोट ठेवून देव सापडत नाही. मामांच्या बोटाला नाही, तुझ्या नाही, माझ्याही नाही. ती तलवार येशूच्या हातात आहे, का त्याच्या मानेवर आहे, ते बोटाखाली कसं कळणार? पुढची पानं वाचावी लागतात. तो कुठं जाऊन मरतो तिथपर्यंत."

मग मी त्याला आमोसचं सांगितलं. बैल सोडल्याचं. एडक्याची वाट बघितल्याचं. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. खूप वेळानं शांतवनची बोटं चादरीवर माझा हात शोधायला लागली.

"मी म्हणालो, देवानं कधीच नाही मागितलं," तो म्हणाला. "आणि त्यांना ऐकू आलं, तुझं पोर तूच मारलंस."

"मग तू म्हणायला नको होतंस?"

"म्हणायलाच हवं होतं. पण वेदीवरून नाही. त्यांच्या ओट्यावर जाऊन बसायला हवं होतं. आमोसचं नाव घेऊन." त्यानं माझा हात घट्ट धरला. "आक्का, फौजदार आला की मी सगळं खरं सांगणार. दाजींनी धरलं तेही. शिक्षा व्हायची ती होऊ दे. पण मामांना माझा एक निरोप दे."

*

खटला चालला. ह्यांनी कोर्टात बापाविरुद्ध साक्ष दिली. चुन्याचे डाग पडलेला हात वर करून शपथ घेतली, आणि स्वतःनं काय केलं तेही सांगितलं. मामांना शिक्षा झाली. मंडळीनं दुसरा पाळक आणला. भिंत पुन्हा रंगवली, आणि शांतवन नदीपलीकडे आमच्या आईकडे राहायला गेला.

माझा नेम मोडला होता. पुष्कळ दिवस मी शास्त्राला हात लावला नाही. मग एका पहाटे पहिलं पान उघडलं, आरंभापासून, आणि क्रमानं वाचायला लागले. ज्या पानांवरून मी पूर्वी पटापट पुढं सरकायची, त्या पानांवर आता थांबते. कधीकधी देवाशी भांडते. मगच पाणी पिते.

मामांना भेटायला मी तुरुंगात गेले, तेव्हा जाळीपलीकडे ते फार लहान दिसले. मी निरोप सांगितला.

"शांतवन म्हणतो, सुटलात की त्याला शास्त्र वाचून दाखवा. पहिल्या पानापासून. डोळे उघडे ठेवून. एकही पान गाळायचं नाही."

मामा जमिनीकडे बघत राहिले. "काहीच दिसत नाही त्याला?"

"नाही."

"मी वाचताना अडखळतो."

"तो थांबेल म्हणाला."

"सगळं वाचायचं?" त्यांनी मान वर केली. "डोंगराचंही?"

"डोंगराचंही. तिथं तुम्ही दोघं थांबायचं, म्हणाला. आणि मग पुढं जायचं."

शिपाई वेळ संपली म्हणून सांगून गेला. मामा उठले, वळले, पुन्हा जाळीशी आले.

"वाचेन म्हणावं."

काही वर्षांनी ते सुटून आले ते संध्याकाळी. सकाळी मी वाचायला बसले होते, तोच ते आंघोळ करून, स्वच्छ धोतर नेसून बाहेर आले. मी माझं पान वाचून संपवलं, शास्त्र मिटलं आणि पाटावर त्यांच्यासमोर सरकवलं. आत्याबाईंनी फडक्यात भाकरी बांधून दिली.

"त्याला आमोसचं तुमच्या तोंडानं सांगा," त्या म्हणाल्या.

मामांनी मान हलवली.

"नावेत पुस्तक भिजू देऊ नका," मी म्हटलं.

दारात थांबून त्यांनी चष्मा लावला. वाट पायाखालची होती, तरी लावला. आणि शास्त्र दोन्ही हातांनी धरून ते नदीकडे उतरले.